प्रियलनं काढलेली चूक

सुगंधाबाईंच्या घरी कामिनी सून म्हणून आली, त्याच्या आधीच तिच्या नोकरीची बातमी गल्लीत पोचली होती. पोचवणारी अर्थात मीच. बातमी अशी होती, की ही मुलगी चुका काढते आणि त्याचा पगार घेते. आता हेच काम आमच्या जळगावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्या आहेत, आणि सुगंधाबाई तर त्यात मुरलेल्या. एका घरात दोन चुका काढणाऱ्या, एक पगारी आणि एक हौशी, म्हणजे करमणुकीला तोटा नाही, अशा विचारानं आम्ही सगळ्याजणी आपापल्या ओट्यावर बसून वाट बघायला लागलो.

निराशा झाली हो. मुलगी कुणाची चूकच काढेना. सासूनं एकदा मुद्दाम वरणात मीठ टाकलं नाही, सून काय म्हणते ते बघायला. सून जेवली आणि ताट उचलून घासायला घेऊन गेली. शेवटी मीच एका दुपारी तिला कूलरसमोर गाठलं आणि विचारलं, तुझी नोकरी चालू आहे ना गं, की काढून टाकलं?

"अक्का, मी चुका काढत नाही," ती म्हणाली. "दुसरीनं काढून ठेवलेल्या चुका दुरुस्त झाल्यात का, तेवढं बघते."

म्हणजे कसं, तर शेतात भरताची पार्टी आहे. पहिल्या बाईनं भरीत चाखलं, तिखट झालंय म्हणाली आणि निघून गेली. आचाऱ्यानं त्यात काहीतरी कालवलं आणि म्हणाला, घ्या, केलं नीट. आता दुसऱ्या बाईनं चाखायचं आणि सांगायचं, की पहिलीला जे तिखट लागलं होतं ते आता लागणार नाही. पण पहिलीची जीभ हिच्या तोंडात कुठून येणार? मी तसं विचारल्यावर कामिनी हसत म्हणाली, की तेवढंच तर अवघड आहे, बाकी काम सोपं आहे.

कंपनी फार मोठी नाही. एका शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर मोजकी टेबलं, एक एसी आणि मालक रुपचंदभाऊ. तिथं सराफांच्या दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर तयार होतं. ते लिहितो रोनक. पोरगा हुशार, पण त्याच्या कामात खोट निघाली की तोंड कारल्याची भाजी खाल्ल्यासारखं करतो. चुका काढायला आधी प्रियल होती. ती इथल्याच एका मारवाडी सराफाची मुलगी, दुकानाच्या गादीवर रांगत मोठी झालेली. तिचं लग्न होऊन ती दोंडाईच्याला गेली आणि जाताना चुकांचा ढीग मागे ठेवून गेली. तिच्या रिकाम्या खुर्चीवर कामिनी बसली. रोनकनं एकेक चूक दुरुस्त करायची, कामिनीनं तपासायची, आणि खरंच झाली असली तर त्या चुकीपुढे 'बंद' असं लिहायचं.

दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कामिनीला प्रियल माहीत होती ती तिच्या लिहिण्यातून. ते कसं, तर 'नाही झालं.' 'परत तेच.' 'रोनक, उघडून तरी बघितलंस का?' हे वाचून कामिनीनं तिचं एक चित्र मनात पक्कं केलं होतं. जाड भिंगाचा चष्मा, कपाळाला आठी, आणि हसायचं झालं तर सुटीच्या दिवशी.

कामिनीची कामाची पद्धत मला कळली ती आमच्या भिंतीमुळे. स्वयंपाकघरात ओल यायला लागली म्हणून मी प्लंबर बोलावला. त्यानं ठोकाठोक केली, भिंत वाळली, मी खूश. कामिनी कढीची वाटी परत द्यायला आली होती. भिंतीकडे बघून विचारायला लागली, ओल पहिल्यांदा कधी दिसली, तेव्हा वरच्या मजल्यावर काय चालू होतं. मी म्हटलं, वरची भाडेकरीण कपडे धूत असेल, दुसरं काय करते ती. कामिनी वर गेली, त्या बाईला वॉशिंग मशीन लावायला सांगितलं, आणि खाली येऊन माझ्या भिंतीसमोर अशी उभी राहिली, जशी देवासमोर. थोड्या वेळानं भिंतीला घाम फुटला.

"कोरडी भिंत बघून काय कळणार अक्का," ती म्हणाली. "आधी ती ओली होताना बघितली पाहिजे. मग दुरुस्ती. मग पुन्हा तेच सगळं करायचं, आणि तरी कोरडी राहिली तर खरं."

ही हकिकत मी गल्लीभर सांगितली. तो प्लंबर तेव्हापासून मला बघून रस्ता बदलतो.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे दिवाळी एका पारड्यात आणि आखाजी एका पारड्यात. बाकीचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आम्ही सोनं घेतोच, पण त्याहून मोठं म्हणजे लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो, आणि वर्षभराची सासरची गाऱ्हाणी झोक्यावर बसून गाण्यातून मोकळी होतात. कामिनीची लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. सोनगीरला तिची आई यशोदाबाई हिनं झोक्याचा दोर कधीच आणून ठेवला होता. आणि पहिल्या आखाजीला लेक आली नाही तर गावात काय बोलतात ते मला विचारा. मी स्वतः बोललेली आहे.

पण तोच सण सराफांच्या कमाईचा. रुपचंदभाऊंनी काही सराफांना शब्द देऊन ठेवला होता, की आखाजीच्या सकाळी तुमचं पहिलं बिल आमच्या नव्या सॉफ्टवेअरवर निघेल. त्यामुळे कामिनीला सुटी कबूल झाली ती एका अटीवर. प्रियलच्या सगळ्या चुका बंद करायच्या आणि मग कुठे जायचं तिकडे जायचं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच मुराळी दारात हजर झाला. मुराळी म्हणजे कामिनीचा धाकटा भाऊ कुंदन, मित्राची गाडी मागून आणलेली, केसांना तेल, आणि बहिणीला घेऊन जायचा असा उत्साह की चहासुद्धा उभ्यानं प्यायला. कामिनी मात्र जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. बाकी सगळं बंद झालं होतं. एकच चूक राहिली होती.

ती चूक मी तुम्हाला जशी मला समजली तशी सांगते. सराफाकडे बाई जुने दागिने घेऊन जाते, ते मोडीत देते आणि नवीन घेते. त्या जुन्या सोन्याला मोड म्हणतात. बिल अर्धं होतं आणि बाई म्हणते, थांबा, नवऱ्याला फोन करते. मग दुकानदार ते बिल तसंच बाजूला थांबवतो आणि दुसरं गिऱ्हाईक घेतो. प्रियलनं लिहून ठेवलं होतं, की अशा वेळी कधीकधी एकीची मोड दुसरीच्या बिलात जाऊन बसते. म्हणजे पाटली तुमची आणि नाव माझं. मला हे सॉफ्टवेअर फारच आवडलं, पण कामिनीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

रोनकनं सांगितलं होतं, दुरुस्त केलं. कामिनी सकाळपासून तपासत होती. पहिलं बिल करायचं, थांबवायचं, दुसरं करायचं, पहिलं परत उघडायचं. सगळं जागच्या जागी. मी पण बघितलं, चूक कुठे दिसत नव्हती. मी म्हटलं, झालं की मग, लिही बंद आणि ऊठ.

"अक्का, जुन्यातही दिसत नाही," ती म्हणाली.

तिच्याकडे रोनकनं दुरुस्त करायच्या आधीचं जुनं सॉफ्टवेअरही होतं. त्यात तर चूक असायलाच पाहिजे, प्रियलनं त्यातच पकडली होती. पण कामिनीच्या हातून त्यातही सगळं बरोबर येत होतं. मग नव्यात बरोबर आलं, याला काय अर्थ? हिच्यापुढे भिंत ओली व्हायलाच तयार नव्हती.

रोनकला फोन लावला. तो म्हणाला, प्रियलला उगाच आमच्या कामात खुसपट काढायची सवय होती, तू बंद कर आणि मांडे खा. रुपचंदभाऊंना लावला. ते म्हणाले, तुला दिसत नसेल तर नाहीये, एवढा काय विचार. कुंदन टेबलाभोवती घिरट्या घालत होता. तो बहिणीच्या कानाशी लागला.

"बंद करी टाक ना ताई. कोण देखी राह्यनं?"

कामिनीनं लॅपटॉपवरून डोळे न काढता त्याला विचारलं, की समज उद्या आपली माय जळगावच्या दुकानात गेली, पाटल्या मोडीत दिल्या आणि त्या भलतीच्याच बिलात गेल्या, तर माय काय करेल? कुंदनच्या डोळ्यांसमोर यशोदाबाई उभ्या राहिल्या असाव्यात, कारण तो ओट्यावर जाऊन बसला.

मग तिनं प्रियललाच फोन लावला. उचलला सासूनं. मंजूबाई त्यांचं नाव, आवाज असा की फोन नसता तरी जळगावपर्यंत आला असता. उद्या आखातीज, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्हाला आमच्या सुनेशी जुन्या नोकरीच्या गप्पा मारायच्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. कामिनीनं इतकी विनवणी केली की शेवटी प्रियल फोनवर आली. मागे नुसता गलका. प्रियल म्हणाली, जसं लिहिलंय तसंच केलं होतं, वेगळं काही नाही, नेहमीसारखंच. आणि तिकडे कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवून दिला.

कामिनीनं लॅपटॉप मिटला. मग कुंदनला म्हणाली, "दोंडाईच्यावरून सोनगीरला जाता येतं ना?"

जाता येतं, चिमठाण्यावरून रस्ता आहे, पण नाकाला हात लावायचा तर डोक्यामागून घेतल्यासारखं होतं. कुंदननं ते सांगितलं. ती म्हणाली, चालेल. तिनं रुपचंदभाऊंना फोन करून सांगितलं, की प्रियल ते तोंडानं सांगू शकत नाहीये, पण तिचे हात सांगतील, मी जाऊन बघते. भाऊंना वाटलं, माहेरी पळायचा बहाणा आहे. ते म्हणाले, जा, पण संध्याकाळपर्यंत मला एक काय ते सांग, झालं किंवा नाही झालं. काहीच कळलं नाही तर असशील तिथून परत फिरायचं आणि आखाजी ऑफिसात करायची. आम्ही उद्या सराफांना काय तोंड दाखवायचं?

ती हो म्हणाली. सुगंधाबाईंनी कुणाचीही चूक न काढता डबा बांधून दिला, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा. आणि मला एकाएकी आठवलं, की दोंडाईच्याला माझी मावसबहीण आहे आणि कित्येक वर्षांत तिची भेट नाही. तरण्या भावाबहिणींना एकटं कसं पाठवायचं? मी पिशवी घेतली आणि मागच्या सीटवर बसले. कुंदननं आरशातून माझ्याकडे बघितलं, पण संस्कार चांगले, बोलला नाही.

धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा करत गेलो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. कामिनी मांडीवर लॅपटॉप घेऊन तेच ते करत होती. कुंदननं मला सांगितलं, की लहानपणापासून ही अशीच. वडिलांनी विहिरीचा दोर बदलला म्हटलं तरी आधी ही स्वतः ओढून बघणार, मग भावाला बादली टाकू देणार. ती म्हणाली, "म्हणून तर तू अजून आहेस."

दोंडाईच्याच्या बाजारपेठेत भंवरलालजींचं सराफी दुकान शोधायला वेळ लागला नाही, गर्दी दिसली तिथं थांबलो. आत गादीवर स्वतः भंवरलालजी, गल्ल्याशी मंजूबाई, आणि काउंटरमागे डोक्यावर पदर घेतलेली, हातभर बांगड्यांची, चणीनं एवढीशी एक मुलगी गिऱ्हाइकांशी खिदळत होती. कामिनीनं तिलाच विचारलं, प्रियल कुठे भेटतील? ती म्हणाली, मीच. कामिनी बघतच राहिली. चष्मा नाही, आठी नाही, आणि दात सगळे बाहेर.

"माझी एक चूक बघायला तुम्ही गाडी करून आलात?" प्रियल म्हणाली, आणि तिला इतकं हसू लोटलं की पदर सावरायला काउंटर धरावा लागला. मग एकदम म्हणाली, "रोनकनं चूकच नाही म्हटलं ना? दोनदा तसंच केलं होतं त्यानं माझ्या वेळी."

मंजूबाई तिथून बघत होत्या. कामिनीनं त्यांच्या पाया पडून सांगितलं, तुमचा वेळ घेत नाही, प्रियलताईंनी गिऱ्हाईक सोडायचं नाही, फक्त त्या जे करतील ते थोडा वेळ माझ्या लॅपटॉपवरही करायचं. मंजूबाईंचा चेहरा काही उजळला नाही. तेव्हा मी पुढे झाले आणि त्यांना गळ्यातली पोत दाखवायला सांगितली. घ्यायची नव्हती. पण मंजूबाई त्यात गुंतल्या, हे महत्त्वाचं. मी एक झाली की दुसरी मागत राहिले.

प्रियलनं कामिनीला विचारलं, नक्की काय काय करू? कामिनी म्हणाली, "सांगू नका, समजावू नका. रोज करता तसं करा."

समोर वच्छलाबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या, जवळच्या खेड्यातल्या, बरोबर नवरा आणि त्याच्या डोक्यावर टोपी. त्यांनी पदराच्या गाठीतून जुनं सोनं काढलं. एक तुटकी पोत, एक अंगठी आणि कानातल्या कुड्या. प्रियलनं ते तोललं, दुकानाच्या बिलात घातलं आणि कामिनीच्या लॅपटॉपवरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही घातलं. वच्छलाबाई नवऱ्याशी कुजबुजायला लागल्या. प्रियलनं त्यांचं बिल थांबवलं आणि पलीकडच्या बाईचं घेतलं. त्या बाईची मोड म्हणजे एक बांगडी. इथवर सगळं लिहिल्याबरहुकूम, कामिनीनं सकाळपासून केलं तसंच.

प्रियल दुसरीची बांगडी तोलत होती, तेवढ्यात वच्छलाबाईंनी हात पुढे केला आणि ट्रेमधून कुड्या उचलल्या.

"हाई राहू दे," त्या म्हणाल्या. "हाई मनी मायनी शे." आईच्या होत्या त्या.

नवऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. प्रियलनं मानही वर केली नाही. एका हातानं बांगडी काट्यावर धरलेली होती, दुसऱ्या हातानं तिनं लॅपटॉपच्या पडद्यावर कडेला थांबलेल्या वच्छलाबाईंच्या बिलातून, ते बिल न उघडताच, कुड्या पुसून टाकल्या आणि लगेच दुसरीची बांगडी लिहिली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. मी बघत होते आणि तरी मला कळलं नसतं, पण कामिनीनं तिचं मनगट धरलं.

"हे काय केलंत?"

"कुठे काय?" प्रियल म्हणाली. "परत घेतल्या ना त्यांनी."

"हे तुम्ही चूक लिहून ठेवताना लिहिलं नव्हतं."

प्रियलला प्रश्नच कळेना. मोडीत दागिने देणारी बाई शेवटी एक तरी परत घेतेच, त्यात लिहायचं काय? लहानपणापासून वडिलांच्या दुकानात तिनं एकही बाई अशी बघितली नव्हती जी सगळंच्या सगळं देऊन गेली. त्यामुळे ऑफिसात खोटी खोटी बिलं करून तपासतानाही तिचा हात प्रत्येक वेळी एक दागिना परत करत होता, आणि आपण तो करतोय हे तिच्या गावीही नव्हतं. आणि कामिनी शेतकऱ्याची मुलगी. तिनं घरात सोनं येताना बघितलं होतं, मोडीत जाताना नाही. तिच्या हिशेबात दिलं म्हणजे दिलं.

कामिनीनं वच्छलाबाईंचं थांबलेलं बिल उघडलं. पोत होती, अंगठी होती, आणि कुड्यांच्या जागी दुसऱ्या बाईची बांगडी येऊन बसली होती. पंगतीतून एक जण उठला, तर त्याच्या पाटावर शेजारच्या लग्नातला पाहुणा येऊन जेवायला बसावा, तसं. कामिनीला इतका आनंद झाला की तिनं प्रियलला काउंटरवरूनच मिठी मारली. चूक सापडली म्हणून कुणी एवढं खूश झालेलं भंवरलालजींनी आयुष्यात बघितलं नसावं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

लगेच तेच सगळं रोनकनं दुरुस्त केलेल्या सॉफ्टवेअरवर केलं. बांगडी तिथंही जाऊन बसली. म्हणजे रोनकनं जे नीट केलं होतं ते चुकीच्या जागी केलं होतं. कामिनीनं फोन लावून त्याला सांगितलं. मग प्रियलनं फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "रोनक, परत तेच."

रोनकनं तोंड कसं केलं ते दिसलं नाही, पण म्हणाला, बसतो, करून पाठवतो. कामिनीनं रुपचंदभाऊंना सांगितलं, नाही झालंय, पण आता का ते कळलंय. भाऊंचा आवाज उतरला. ते म्हणाले, संध्याकाळी तुझा होकार आला तरच उद्या दुकानं सुरू, नाहीतर तू परत ये, रोनकबरोबर बसावं लागेल.

निघताना प्रियलनं कामिनीला कुंकू लावलं, आणि मंजूबाईंनी, माझ्याकडे एकदा जळजळीत बघून, पोतींचे डबे मिटले. माझी मावसबहीण दोंडाईच्यात नेमकी कुठे राहते ते मला आठवेना. म्हटलं, पुन्हा कधीतरी. आता ही गोष्ट अर्ध्यावर टाकून कोण उतरणार?

सोनगीरला पोचलो तेव्हा किल्ल्याच्या टेकडीमागे ऊन कललं होतं. आल्या आल्या यशोदाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "उनी का माय," म्हणाल्या, आणि नंतर तिच्या काखेतल्या लॅपटॉपकडे त्यांचं लक्ष गेलं. तो अंगणात खाटेवर उघडला गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की अजून काही ठरलं नाही, रोनकचं नीट नसलं तर हिला आत्ताच्या आत्ता परत जावं लागेल. यशोदाबाईंनी रोनक कोण ते विचारलं नाही. पण ज्या शब्दांत त्यांनी त्याचा उल्लेख केला, ते मी इथं लिहीत नाही.

अंगणातल्या निंबाला झोका बांधून तयार होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी, काकू, मावश्या जमल्या होत्या. थोड्या वेळानं रोनकनं दुरुस्त केलेलं नवं सॉफ्टवेअर आलं. कामिनीनं ते लावलं, आणि एकटीनं न करता म्हणाली, मला गिऱ्हाइकं पाहिजेत. खरी.

मग काय विचारता. बायका आपापल्या अंगावरचं काढून खाटेवर ठेवायला लागल्या. स्वयंपाकघरातला तराजू आला, ज्यात आदल्या घटकेला गूळ तोलला होता. कामिनी काउंटरमागच्या प्रियलसारखी बसली आणि मी मंजूबाईंच्या जागी. कुणी पाटली दिली, कुणी नथ, कुणी बोरमाळ. बिल थांबवायचं, दुसरीचं घ्यायचं, पहिलीनं मधेच एक दागिना उचलायचा. आणि उचलायला सांगावंच लागलं नाही. खोटं खोटं असूनही प्रत्येकीला शेवटी काहीतरी आठवायचंच. एकीला वाटलं ही अंगठी बारशाची, एकीला ही बाळी सासऱ्यांनी घेतलेली. हात आपोआप पुढे येत होते. कामिनी थांबलेलं बिल न उघडता तो दागिना पुसत होती, दुसरीचा लिहीत होती, आणि पहिलीचं बिल उघडून बघत होती. बरोबर. पुन्हा दुसऱ्या दोघी. बरोबर. मधेच तिनं जुनं सॉफ्टवेअर लावलं, तर त्यात यशोदाबाईंची पाटली शेजारणीच्या बिलात गेली, आणि त्या खरोखरच शेजारणीकडे संशयानं बघायला लागल्या. नवं लावलं, पाटली घरी आली.

राहिल्या एक काकू. त्यांनी कानातलं, पोत, जोडवी, सगळं खाटेवर ठेवलं आणि हात मागे घेऊन बसल्या. दुसरीचं बिल झालं, तरी यांचा हात हलेना. कामिनीनं वाट बघितली. काकू ढिम्म.

"काकू, एखादं परत घे ना वं," कामिनी म्हणाली.

"कसाले? दिधं ते दिधं. त्या सुनाले नको सापडाले."

अंगणात असा हशा झाला की कुंदन पाण्याचा तांब्या टाकून बाहेर आला. कामिनी हसता हसता थांबली. तिनं काकूंचं बिल तसंच, सगळं दिलेलं, पुरं करून बघितलं. तेही बरोबर निघालं. मग तिनं प्रियलला फोन लावला, कारण चूक तिनं काढली होती आणि तिला विचारल्याशिवाय बंद करायची नाही असं कामिनीनं ठरवलं होतं. प्रियलनं एकेक प्रश्न विचारला, कामिनीनं एकेक उत्तर दिलं. सगळं देऊन टाकणारी काकूही सांगितली.

"मग बंद कर," प्रियल म्हणाली. "आणि अशी बाई आमच्याकडे पाठव."

कामिनीनं प्रियलनं लिहून ठेवलेल्या चुकीखाली राहिलेली ओळ लिहिली, की गिऱ्हाईक मधेच एक दागिना परत घेतं, आणि पुढे 'बंद' लिहून रुपचंदभाऊंना फोन केला. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. यशोदाबाईंनी तिच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून धान्याच्या कोठीवर ठेवला होता, दोघी काकूंनी तिला दंडाला धरून झोक्यावर बसवलं होतं, आणि फोन कानाला लावूनच ती निंबाच्या फांद्यांत वर गेली होती.